मातीतून फाज वेगळा करताना: कुठे थांबायचं, काय तपासायचं

"सर, स्पॉट एकदम स्वच्छ आलाय. मायक्रोस्कोपीला पाठवू का?" एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. फाज म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू. त्याचा थेंब जिवाणूंच्या थरावर ठेवला की तिथला थर मरून साफ डाग पडतो, तो स्पॉट; आणि एकेका फाजपासून पडलेला सुटा साफ गोल म्हणजे प्लाक. मी विचारतो, डायल्युशन, म्हणजे टप्प्याटप्प्याने पातळ करणं, केलं का? प्लाक किती वेळा शुद्ध केला? टायटर, म्हणजे मिलीमागे फाजची संख्या, किती? मग समोर शांतता. पहिला गोल दिसला की सगळे पुढच्या टप्प्यावर उडी मारतात आणि महिन्याभराने मागे येतात. म्हणून हा लेख पुढे कसं जायचं यापेक्षा कुठे थांबायचं यावर जास्त आहे.

खालची पद्धत मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस, स्ट्रेन एमसी-स्क्वेअर १५५, या होस्टसाठी, म्हणजे ज्याच्यावर फाज वाढवायचा त्या जिवाणूसाठी, आहे. हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, पण निरोगी माणसाला सहसा अपाय न करणारा, त्यामुळे कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये चालतो. तुमचा होस्ट बॅसिलस किंवा ई. कोलाय असेल तर टप्पे हेच राहतील, मीडिया (जिवाणूंचं खाद्य) आणि वेळा बदलतील.

## तयारी: माती आणण्याआधीचे चार दिवस

बहुतेक जण आधी माती आणतात आणि मग कल्चर लावतात. उलटं करा. स्मेग्मॅटिसची एक पिढी व्हायला साधारण तीन तास लागतात, ई. कोलायसारखं रात्री लावलं आणि सकाळी तयार, असं इथे होत नाही. एका कॉलनीपासून दाट कल्चर व्हायला दोन दिवस, त्यातून पुन्हा सब-कल्चर करायला दोन दिवस धरा.

पहिलं कल्चर मिडलब्रुक ७एच९ ब्रॉथमध्ये (पातळ मीडियात) ०.०५ टक्के ट्वीन-८०, हे साबणासारखं डिटर्जंट, घालून लावा. ट्वीन नसेल तर हे जिवाणू एकमेकांना चिकटून गठ्ठे करतात. पण हेच ट्वीन फाजला जिवाणूवर चिकटू देत नाही. म्हणून दुसरं कल्चर, म्हणजे ज्यावर फाज टाकायचा ते, हजारपट पातळ करून ट्वीन नसलेल्या ब्रॉथमध्ये वाढवा. थोडे कण दिसतील, दिसू द्या. नळी पाच मिनिटं उभी ठेवा, गठ्ठे तळाशी बसले की वरचं गढूळ पाणी वापरा.

माझ्या पहिल्या खेपेला तीन आठवडे एकही प्लाक आला नव्हता. चार ठिकाणची माती बदलून झाली. शेवटी ब्रॉथच्या बाटलीच्या झाकणावर पेनाने काढलेला, अर्धा पुसलेला "टी" दिसला. ट्वीनचा टी. तेव्हापासून ट्वीनच्या बाटलीला आम्ही लाल चिकटपट्टी लावतो.

बाकीची मांडणी:

फाज बफर: १० मिलिमोलर ट्रिस (पीएच ७.५), १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, ६८ मिलिमोलर मीठ, १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. कॅल्शियम ऑटोक्लेव्ह झाल्यावर, बाटली गार झाली की घाला. ब्रॉथमध्येही तसंच, कारण त्यातल्या फॉस्फेटबरोबर गरम असताना त्याचा पांढरा साका बसतो. आणि कॅल्शियम विसरलात तर बरेच फाज होस्टला लागणारच नाहीत.

ब्रॉथमध्ये अल्ब्युमिन-डेक्स्ट्रोजचं सप्लिमेंट लागतं. ते फिल्टरनेच निर्जंतुक करायचं. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलंत तर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठून बाहेर येईल.

प्लेटमध्ये दोन थर असतात: खाली घट्ट अगार, वर होस्ट मिसळलेला मऊ टॉप अगार. खालच्या थराला साधा लुरिया अगार चालतो. त्यात मिलीमागे ५० मायक्रोग्रॅम कार्बेनिसिलिन आणि १० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड घाला. स्मेग्मॅटिसला दोन्हींचं काही होत नाही. इतर जिवाणू आणि बुरशी दबून राहतात. प्लेट ओतल्यावर रात्रभर बाहेर वाळू द्या. झाकणाला घाम धरलेली ओली प्लेट वापरलीत तर वरचा थर सरकतो.

सावधान: सायक्लोहेक्झिमाइड माणसालाही विषारी आहे. पावडर तोलताना हातमोजे आणि मास्क घाला, आणि पंखा बंद ठेवा.

तपासा: माती आणण्याआधी नुसत्या होस्टची एक प्लेट ओता. दोन दिवसांत दुधी काचेसारखं एकसारखं लॉन, म्हणजे जिवाणूंचा सलग थर, यायला हवं. लॉन विरळ किंवा ठिपकेदार आलं तर माती आणायला जाऊ नका, आधी कल्चर दुरुस्त करा.

## १. माती निवडणं आणि आणणं

ओलसर, सावलीतली, कुजलेला पालापाचोळा असलेली माती घ्या. उकिरड्याची कड, कंपोस्टचा ढीग, केळीचा बुंधा, गांडूळखताचा वाफा अशा जागी नशीब बरं असतं. उन्हात भाजलेली वरची माती नको, कारण कोरडेपणा आणि अतिनील किरणं दोन्ही फाजला मारतात. पाचोळा बाजूला करून पाचेक सेंटिमीटर खालची १५ ते २० मिली माती ५० मिलीच्या निर्जंतुक नळीत भरा.

तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, खोली आणि मातीचं थोडक्यात वर्णन तिथेच, उभ्या उभ्या लिहा. "नंतर गूगल मॅपवर बघू" म्हणणाऱ्याच्या थिसिसमध्ये "कॉलेज परिसर" एवढंच उरतं. अभयारण्यातली माती वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय उचलू नका.

लॅबमध्ये आल्यावर माती त्याच दिवशी वापरता आली नाही तर ४ अंश सेल्सियसला ठेवा. चाळायला सोपी जावी म्हणून ती वर्तमानपत्रावर पसरून वाळवणारे मी पाहिलेत. मृदा परीक्षणाची ती सवय इथे उपयोगाची नाही.

## २. मातीतून फाज बाहेर काढणं

नळीत मातीसकट ३५ मिलीपर्यंत ट्वीन नसलेला ब्रॉथ भरा, झाकण घट्ट लावा आणि ३७ अंशांवर शेकरवर एक ते दोन तास हलवा. मग २,००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या २,००० पट जोराने) दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा.

देशावरच्या काळ्या मातीची गंमत इथे कळते. तिच्यातली चिकणमाती पाण्यात फुगते आणि तासभर ठेवलं तरी तळाशी बसत नाही. पहिल्या दोन मिलीतच फिल्टर चोंदतो. अशा वेळी दोनदा सेंट्रिफ्यूज करा, आधी ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, मग ०.२२ मधून. चिकणमाती फाजलाही धरून ठेवते, म्हणून काळ्या मातीला शेकरवर दोन तास पूर्ण द्या. कोकणातली लाल माती गाळायला सोपी, पण आम्लधर्मी असते. गाळलेल्या पाण्याचा पीएच एकदा पट्टीने बघून घ्या.

फिल्टर पीईएसचा, म्हणजे प्रथिनं कमी धरणारा घ्या. नायट्रोसेल्युलोजचा पडदा फाजच गिळून बसतो.

सावधान: सिरिंजवर अंगठ्याने जोर लावू नका. पडदा फाटल्याचा आवाज येत नाही, हाताला फक्त अचानक सैल लागतं. तसं झालं तर तो गाळ (इथे आणि पुढे गाळ म्हणजे फिल्टरमधून गाळलेलं पाणी) पुन्हा नव्या फिल्टरमधून काढा.

## ३. एनरिचमेंट

गाळलेलं पाणी थेट प्लेटवर टाकूनही कधी कधी प्लाक मिळतो, आणि तो मिळाला तर उत्तमच. पण आपल्या होस्टला लागणारे फाज मातीत मोजकेच असतात, म्हणून त्यांची संख्या आधी वाढवून घेतात. २० मिली गाळात अर्धा मिली होस्ट घाला, कॅल्शियम १ मिलिमोलर आहे ना ते बघा आणि ३७ अंशांवर दोन ते पाच दिवस हलवत ठेवा. नंतर पुन्हा सेंट्रिफ्यूज, पुन्हा ०.२२ चा फिल्टर.

शेजारी दुसरा फ्लास्क लावा, त्यात माती नाही, फक्त ब्रॉथ आणि होस्ट. त्याचाही शेवटी तसाच गाळ काढा. याची गरज पुढच्या टप्प्यात पडेल.

एनरिचमेंटचा फ्लास्क गढूळ झाला म्हणून फेकून देऊ नका. फाज असूनही होस्ट वाढलेला असू शकतो. तसंच, पाच दिवसांनंतर एका फ्लास्कमध्ये बहुधा सर्वांत वेगवान फाजच माजलेला असतो. वेगवेगळे फाज हवे असतील तर मातीचे वेगवेगळे नमुने लावा. एकाच फ्लास्कमधून दहा प्लाक उचलून उपयोग नाही.

## ४. स्पॉट टेस्ट

२५० मायक्रोलिटर होस्ट, ३ मिली वितळलेला टॉप अगार (०.४ टक्के), एकत्र करून लगेच प्लेटवर ओता. सगळा खेळ टॉप अगारच्या तापमानाचा. ५० ते ५५ अंशांच्या वॉटर बाथमधून नळी काढली की पाच-सात सेकंदांत ओतून प्लेट फिरवायची. फार गरम असेल तर होस्ट मरतो आणि अख्खी प्लेट "साफ" दिसते. गार झाला तर साबुदाण्यासारखे दाणे पडतात, आणि त्या दाण्यांमधल्या फटी नवख्या डोळ्याला प्लाक वाटतात.

पंधरा-वीस मिनिटं थर बसू द्या. प्लेटच्या पाठीवर मार्करने चौकटी आखा आणि ५ मायक्रोलिटरचे थेंब ठेवा: तुमचा गाळ, त्याची दहापट आणि शंभरपट पातळ रूपं, माती नसलेल्या फ्लास्कचा गाळ, आणि नुसतं बफर. थेंब पूर्ण सुकल्याशिवाय प्लेट उलटी करू नका.

माहीत असलेला फाज, बहुधा डी-२९, पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लावणार असाल तर वेगळ्या प्लेटवर, वेगळ्या टिप्सनी आणि सगळ्यांत शेवटी लावा. लॅबमधला जुना फाज "नवा शोध" म्हणून परत हाती येणं फार सहज घडतं.

तपासा: आता त्या "एकदम स्वच्छ" स्पॉटबद्दल. मातीत स्ट्रेप्टोमायसिससारखे प्रतिजैविक बनवणारे जीव भरपूर असतात आणि त्यांचा स्राव फिल्टरमधून आरपार जातो. त्याचाही स्पॉट साफच दिसतो. फरक पातळ केल्यावर कळतो. प्रतिजैविक असेल तर स्पॉट फिका होत होत नाहीसा होतो. फाज असेल तर एका टप्प्यावर स्पॉट फुटून त्याच्या जागी सुटे सुटे गोल दिसायला लागतात. हे सुटे गोल दिसेपर्यंत वहीत "फाज मिळाला" असं लिहू नका.

## ५. प्लाक ॲसे (प्लाक मोजणं)

गाळाची दहा-दहापट डायल्युशन्स लावा: ९० मायक्रोलिटर बफरमध्ये १० मायक्रोलिटर, प्रत्येक नळीला नवी टिप. नळ्यांना १ ते ७ नंबर द्या. प्रत्येकीतले १० मायक्रोलिटर २५० मायक्रोलिटर होस्टमध्ये घाला, पाच ते दहा मिनिटं ठेवा, टॉप अगार, प्लेट, ३७ अंश. २४ तासांनी बघा, ४८ तासांनी पुन्हा बघा. सावकाश वाढणारे प्लाक पहिल्या दिवशी दिसतच नाहीत.

प्लाकचा आकार मिलिमीटरमध्ये मोजा, कडा तीक्ष्ण की धूसर, मध्य साफ की ढगाळ, भोवती वलय आहे का, हे त्याच दिवशी लिहा. हवेचा बुडबुडा प्लाकसारखा दिसतो, पण प्लेट तिरकी करून दिव्यासमोर धरली की त्याची कड चकाकते आणि त्याची सावली पडते.

## ६. शुद्धीकरण: तीन फेऱ्या, कमी नाही

सगळ्यांत जास्त कामचोरी इथे होते. एक प्लाक म्हणजे एक फाज असं पुस्तकात असतं. पण दाटीवाटीच्या प्लेटवर एका प्लाकमध्ये दोन फाज सहज नांदतात.

कमी गर्दीच्या प्लेटवरचा, शेजाऱ्यांपासून निदान अर्धा सेंटिमीटर लांब असलेला प्लाक निवडा आणि प्लेटच्या पाठीवर त्याभोवती गोल काढा. निर्जंतुक टिप प्लाकच्या मधोमध अलगद टेकवा. अगार उपसायचा नाही, दाबायचंही नाही. मऊ थराला टोक लागल्याचं बोटांना जाणवलं की बस. मग ती टिप १०० मायक्रोलिटर बफरमध्ये फिरवा, डायल्युशन्स करा, प्लेटा ओता. एवढी झाली एक फेरी. नव्या प्लेटवरच्या सुट्या प्लाकपासून दुसरी, तिच्यावरून तिसरी.

तपासा: सलग तीन फेऱ्या सगळे प्लाक एकसारखे हवेत. तिसऱ्या फेरीतही मोठे आणि बारीक असे दोन प्रकार आले तर दोन्हींपैकी एकेक उचलून स्वतंत्र वाढवा. बारकातून फक्त बारीक आणि मोठ्यातून फक्त मोठे निघाले तर तुमच्याकडे दोन फाज आहेत. दोघांतूनही दोन्ही निघाले तर तो एकाच फाजचा स्वभाव असू शकतो. आणखी एक फेरी करून ठरवा.

## ७. लायसेट आणि टायटर

आता भरपूर फाज हवा. त्यासाठी प्लाक एकमेकांना जेमतेम टेकतील आणि मध्ये होस्टची जाळी उरेल अशी प्लेट, म्हणजे वेब प्लेट, करायची. अंदाजाने नको, हिशेब करा. ९० मिलिमीटर प्लेटचं क्षेत्रफळ सुमारे ६,३६० चौरस मिलिमीटर. तुमचा प्लाक २ मिलिमीटर व्यासाचा असेल तर एकाचं क्षेत्रफळ ३.१४, म्हणजे साधारण २,००० प्लाक हवेत. ४ नंबरच्या नळीच्या १० मायक्रोलिटरमधून ६० प्लाक आले असतील तर ३ नंबरमधून ६०० येतील. मग २,००० साठी ३ नंबरचे सुमारे ३३ मायक्रोलिटर घ्या. दोन्ही बाजूंना थोडं कमी-जास्त घेऊन आणखी दोन प्लेटा लावून ठेवा.

पूर्ण साफ झालेली प्लेट छान दिसते, पण तिच्यात होस्ट लवकर संपलेला असतो आणि टायटर कमी निघतो. जाळीदार प्लेटच घ्या. तिच्यावर ८ मिली बफर ओता, खोलीच्या तापमानाला दोन-तीन तास किंवा ४ अंशांवर रात्रभर ठेवा, मग बफर ओढून ०.२२ मधून गाळा. हा तुमचा लायसेट. जिवाणू मारायला म्हणून यात क्लोरोफॉर्म घालायची सवय असेल तर इथे आवरा. सगळेच फाज तो सोसत नाहीत, आणि फिल्टर पुरेसा आहे.

टायटर काढताना चूक एकाच ठिकाणी होते. ७ नंबरच्या नळीचे १० मायक्रोलिटर, ४३ प्लाक. एका मिलीत १० मायक्रोलिटर शंभर वेळा बसतात, म्हणून त्या नळीत मिलीमागे ४,३०० फाज. ती नळी एक कोटीपट पातळ आहे, म्हणून मूळ लायसेटमध्ये मिलीमागे ४,३०० कोटी. ते शंभरने गुणायचं निम्मे लोक विसरतात. मोजायला साधारण ३० ते ३०० प्लाकची प्लेट घ्या. ५ प्लाकवरून कोट्यवधींचा हिशेब मांडू नका.

तपासा: मिलीमागे ५०० कोटींच्या खाली टायटर असेल तर पुढे जाऊ नका, वेब प्लेट पुन्हा करा. या लायसेटचा काही भाग ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांना, निदान दोन वेगळ्या डब्यांत ठेवा. रोजच्या कामाची नळी ४ अंशांवर.

## ८. ओळख पटवणं

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी. कार्बन-फॉर्मव्हारच्या ग्रिडवर थेंब ठेवायचा, पाण्याने धुवायचं, १ टक्का युरॅनिल ॲसिटेटने रंगवायचं. अगारचे तुकडे राहिले तर सगळं काळं दिसतं, म्हणून पाठवण्याआधी लायसेट एकदा जोरात सेंट्रिफ्यूज करून वरचाच भाग द्या. युरॅनिल ॲसिटेट विषारी आणि किंचित किरणोत्सारी आहे; त्याचा कचरा सिंकमध्ये जाता कामा नये. एकाच सुंदर कणाचं माप देऊ नका, निदान दहा कणांचं डोकं आणि शेपूट मोजून सरासरी द्या. फोटोवर स्केलची रेघ हवीच.

लांब, लवचीक शेपूट दिसली की "सायफोव्हिरिडी कुळ" असं लिहायची जुनी सवय आहे. सायफो-, मायो- आणि पोडोव्हिरिडी ही कुळं विषाणूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण समितीने २०२२ मध्ये रद्द केली. आता "सायफोव्हायरससारखी रचना" एवढंच लिहा. खरं कूळ जीनोमवरून ठरतं.

डीएनए. आधी लायसेटमध्ये डीएनेझ आणि आरएनेझ घालून ३७ अंशांवर ठेवा, म्हणजे मेलेल्या होस्टचा डीएनए संपेल. फाजचा डीएनए तेव्हा कवचात सुरक्षित असतो. मग ईडीटीए घालून एन्झाइम थांबवा आणि त्यानंतरच प्रोटिनेझ-के आणि एसडीएसने कवच फोडा. हा क्रम उलटला तर डीएनेझ तुमचाच डीएनए खातं आणि जेलवर काहीच दिसत नाही. २६०/२८० चं गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं, डीएनए किती शुद्ध ते सांगणारं) १.८ च्या आसपास हवं.

रिस्ट्रिक्शन डायजेस्टमध्ये, म्हणजे ठरावीक अक्षरक्रमावर कापणाऱ्या एन्झाइमने डीएनए कापताना, न कापलेला डीएनए आणि लॅम्डाचा (ई. कोलायच्या एका परिचित फाजच्या डीएनएचा) कंट्रोल शेजारी चालवा. मायकोबॅक्टेरियाच्या फाजच्या डीएनएत जी आणि सी ही अक्षरं जास्त असतात, त्यामुळे हे-थ्री हे एन्झाइम भरपूर तुकडे करतं, तर इको-आर-वन आणि हिंड-थ्री कधी कधी एकदाही कापत नाहीत. लॅम्डा कापला गेला आणि तुमचा नाही, तर तो निकालच आहे. एन्झाइम बदलत बसू नका.

वाढीचा आलेख. होस्टमागे किती फाज टाकायचे ते ओडीवरून (कल्चरच्या गढूळपणाच्या मापावरून) ठरवू नका, कॉलनी मोजा. तरीही लक्षात ठेवा की गठ्ठ्यातले पन्नास जिवाणू मिळून एकच कॉलनी देतात, म्हणून मोजणीआधी गठ्ठे बसवून घ्या. तापमान आणि पीएचचे प्रयोग सोपे आहेत, पण दर वेळी ० मिनिटांचा टायटर त्याच दिवशी काढा. मागच्या महिन्याचा आकडा वापरू नका.

लायसोजेनी, म्हणजे फाज होस्टला न मारता त्याच्या डीएनएत लपून राहणं; असा होस्ट म्हणजे लायसोजेन. प्लाक ढगाळ असतील तर हे टाळू नका. ढगाळ भागातून वाढलेले जिवाणू उचला, तीन वेळा स्ट्रीक करून चिकटलेला फाज धुऊन काढा, मग सुट्या कॉलन्या तपासा. खऱ्या लायसोजेनवर तोच फाज चालत नाही, आणि साध्या होस्टच्या लॉनवर त्या कॉलनीचा ठिपका दिला की भोवती साफ वलय येतं. दोन्ही खुणा हव्यात. नुसती पहिली असेल तर तो फक्त फाजला न जुमानणारा म्युटंट असू शकतो.

होस्ट रेंज, म्हणजे फाज कोणकोणत्या जिवाणूंना लागतो. दुसऱ्या निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांवर तपासा. क्षयाच्या जंतूवर तपासायचा मोह आवरा. ते काम तिसऱ्या पातळीच्या जैवसुरक्षेच्या लॅबचंच.

जीनोम वाचून घेतलात तर नाव ठेवण्याआधी ते कुणी वापरलेलं नाही ना, हे फाजच्या डेटाबेसमध्ये पाहा. आणि टेबल स्पिरिटने नाही, ताज्या हायपोक्लोराइटने पुसा. अल्कोहोलवर फाजबाबत भरवसा ठेवता येत नाही. कल्चर लावायची जागा आणि फाजची जागा, दोन्हीकडची पिपेटं वेगळी. आमच्याकडे फाजच्या पिपेटवर निळी पट्टी असते. ती निळी पट्टी कल्चरच्या हूडमध्ये दिसली की त्या आठवड्याचं सगळं कल्चर ऑटोक्लेव्हमध्ये जातं, कुणी कितीही गयावया केली तरी.